स्विफ्टचे टायर बदलायचेत: रुंद घालू का, दोनच बदलू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. २०१८ ची स्विफ्ट व्हीएक्सआय, कंपनीचे मूळ टायर १६५/८० आर१४, गाडी बावन्न हजार किलोमीटर चाललेली. राहणं कोथरूडला, आठवड्यातून दोन-तीन दिवस हिंजवडी, आणि गणपती, शिमगा, मे महिन्यात देवरुखला गावी. पुढचे टायर गुळगुळीत होत आलेत, मागच्यांवर अजून बरी ग्रिप आहे. एक दुकानदार १८५ चे रुंद टायर घाला म्हणतो, मित्र म्हणतो दोनच घे आणि पुढे बसव. तुम्हाला मात्र एकच नाव हवंय: वीस हजार रुपयांत सगळ्यात जास्त चालणारा टायर कोणता?

माझं कराडला टायर आणि व्हील अलाइनमेंटचं दुकान आहे. पुण्याहून कुंभार्ली घाटाने कोकणात उतरणाऱ्या गाड्या आमच्या भागातूनच जातात आणि परतताना त्यातल्या बऱ्याच हवा, पंक्चर किंवा फुगा आलेला टायर घेऊन थांबतात. त्यामुळे तुमचा रस्ता माझ्या चांगल्या ओळखीचा आहे.

"किती चालेल" हा प्रश्न मला रोज ऐकायला मिळतो आणि तो रास्तही आहे, पैसे तुमचे आहेत. पण टायर निवडताना मी आधी वेगळंच विचारतो. तुमच्या गाडीच्या वाट्याला वर्षातला सर्वांत कठीण दिवस कोणता येतो? तुमच्या बाबतीत तो भर पावसात गावी जायचा दिवस आहे. पाटण मागे पडलं की कोयनेच्या खोऱ्यातला पाऊस लागतो, घाटात धुकं असतं, वळणावर दरडीची लाल माती रस्त्यावर वाहून आलेली असते. गाडीत चार माणसं, डिकीत सामान, आणि समोरून जांभ्या दगडाच्या चिऱ्यांनी भरलेला ट्रक चढत असतो. तिथे ब्रेक दाबल्यावर गाडी किती अंतरात उभी राहते, ते शेवटी टायरवर येऊन ठरतं. ब्रेक चाकाला धरतात. रस्त्याला धरायचं काम टायरचं. कोथरूड ते हिंजवडी कोणताही बरा टायर करतो, त्याच्यासाठी डोकं शिणवायची गरज नाही.

हे आधी सांगायचं कारण म्हणजे जास्त चालणं आणि ओल्यात धरणं या दोन मागण्या एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. रबराचं मिश्रण कडक ठेवलं की टायर सावकाश झिजतो, पण ओल्या डांबरावर आणि गुळगुळीत काँक्रीटवर लवकर सुटतो. मऊ ठेवलं की धरतो, पण झिजतो. सिलिका घातलेल्या मिश्रणांनी ही ओढाताण बरीच कमी केली आहे, तरी ती संपलेली नाही. त्यात बाजूची भिंत आली. ती जाड आणि ताठ असेल तर खड्ड्यात टिकते पण गाडी आदळते. पातळ असेल तर गाडी मऊ चालते, आणि एखाद्या खड्ड्याच्या धारेवर रिम आणि रस्ता यांत चेमटून आतले धागे तुटतात. मग तिथे फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, तो बदलायचाच. पकड, आयुष्य, आराम, आवाज, पेट्रोल हे सगळं एका टायरमध्ये पुरेपूर मिळत नाही. काय सोडायला तयार आहात, ते ठरवावं लागतं.

आता नवीन बघण्याआधी जुने टायर नीट वाचा. त्यासाठी पैसे लागत नाहीत. दोन्ही खांदे जास्त घासलेत आणि मधला भाग शाबूत आहे, तर गाडी कायम कमी हवेवर चालली आहे. मधलाच पट्टा गेला असेल तर हवा जास्त होती. फक्त आतली किंवा फक्त बाहेरची कड गेली असेल तर अलाइनमेंट बिघडली आहे, किंवा पुढच्या सस्पेन्शनमधलं काही सैल झालंय. टायरवरून आडवा हात फिरवल्यावर एका दिशेला गुळगुळीत आणि उलट दिशेला करवतीसारखं लागलं तर चाकांचं टो, म्हणजे चाकं सरळ न राहता आत किंवा बाहेर वळलेली असण्याचं माप, चुकलंय. आतली कड उभ्याने दिसत नाही. स्टिअरिंग पूर्ण वळवून, खाली बसून मोबाइलच्या उजेडात बघा. ही तपासणी न करता नवे टायर घातले तर जे कारण जुन्यांना खात होतं तेच नव्यांना खाईल. "अमुक कंपनीचा टायर वीस हजार किलोमीटरमध्येच गेला" असं म्हणणाऱ्या पुष्कळ लोकांच्या गाड्यांत टाय रॉड एंड किंवा लोअर आर्मचं बुश, म्हणजे पुढची चाकं जागेवर धरणारे सांधे, गेलेले मी पाहिले आहेत. तिथे टायरचा काही दोष नसतो.

खोली मोजायला डेप्थ गेज मिळतं, स्वस्त असतं. ते नसेल तर टायरच्या खांद्यावर टीडब्ल्यूआय अशी अक्षरं किंवा छोटा त्रिकोण शोधा. त्याच्या समोरच्या मुख्य खाचेत रबराचा लहानसा उंचवटा असतो, तो १.६ मिलिमीटरचा. खाच झिजून त्याच्या पातळीवर आली की कायद्याने टायर संपला. नवीन टायरची खोली साधारण सात-आठ मिलिमीटर असते. कायदा १.६ म्हणत असला तरी कोकणात जाणाऱ्याला मी तीन मिलिमीटरलाच थांबवतो, निदान पावसाळ्याच्या तोंडावर तरी. खाचांचं काम टायरखालचं पाणी बाहेर ढकलायचं असतं. खाच उथळ झाली की पाण्याला जायला वाट उरत नाही, टायर पाण्यावर चढतो, आणि स्टिअरिंग एकदम हलकं लागतं. कोरड्या रस्त्यावर हाच टायर अगदी ठणठणीत वाटतो, म्हणून माणूस फसतो.

तुमच्या मागच्या टायरवर ग्रिप आहे हे मी मान्य करतो. पण त्यांचं वय? टायरच्या बाजूला डीओटीने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ३२१८ म्हणजे २०१८ सालचा बत्तिसावा आठवडा. हे आकडे टायरच्या एकाच बाजूला असू शकतात, बाहेर दिसले नाहीत तर आतून बघा. तुमचे टायर मूळचेच असतील तर त्यांना आता आठेक वर्षं होत आली. रबर उन्हाने, उष्णतेने आणि हवेतल्या ओझोनने कडक होतं, मग बाजूच्या भिंतीवर आणि खाचांच्या तळाशी बारीक चिरा दिसू लागतात. कंपन्या साधारण पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्यायला सांगतात आणि दहा वर्षं ही शेवटची मर्यादा धरतात. सोसायटीत उघड्यावर उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीचा सहा वर्षांवरचा टायर मी घाटात न्या असं कुणालाच म्हणत नाही, मग ग्रिप कितीही दिसो.

म्हणून दोन की चार याचं तुमच्यापुरतं उत्तर: चारही. पण मित्राने सांगितलेली गोष्ट इतकी सर्रास ऐकू येते की तिच्यावर बोलायलाच हवं. गाडी पुढच्या चाकांवर चालते, ब्रेकचा भार पुढे येतो, स्टिअरिंगही पुढेच, म्हणून नवे टायर पुढे घाला असं लोकांना वाटतं. ऐकायला पटतं, पण ओल्या रस्त्यावर ते धोक्याचं आहे. पुढची चाकं सुटली तर गाडी वळायचं सोडून सरळ जाऊ लागते. ते हाताला लगेच कळतं, माणूस आपोआप पाय उचलतो, वेग उतरतो आणि पकड बहुधा परत येते. मागची चाकं सुटली तर गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जातो आणि गाडी जागच्या जागी फिरते. ते सावरायला वेळ मिळत नाही, आणि सावरण्याची सवय तुम्हा-आम्हाला नसते. त्यामुळे ज्याला खरोखर दोनच घ्यायचेत, म्हणजे बाकीचे दोन वयाने तरुण आणि खोलीने बरे आहेत, त्याने नवे मागे घालावेत आणि मागचे पुढे आणावेत. टायर बनवणाऱ्या मोठ्या कंपन्याही हेच सांगतात. एका धुरीवर दोन्ही टायर एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे आणि सारख्या झिजेचे हवेत, हे तर आलंच.

आता रुंदीचं. १६५/८० आर१४ म्हणजे टायरची रुंदी १६५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ८० टक्के, आर म्हणजे रेडियल (टायरच्या बांधणीचा प्रकार), रिम १४ इंची. एकूण व्यास साधारण ६२० मिलिमीटर येतो. तुम्हाला सुचवलेला १८५ चा टायर १८५/७० आर१४ असेल तर व्यास ६१५ च्या आसपास, म्हणजे फरक एक टक्क्याच्याही आत. स्पीडोमीटर आणि गिअरिंगला त्याचा त्रास नाही, भार पेलायची क्षमताही कमी होत नाही. तो घालणारे पुष्कळ आहेत, आणि कोरड्या रस्त्यावर वळणात गाडी जरा ठाम वाटते हेही खरं. पण सावध राहा, कारण काही दुकानांत १८५ च्या नावाखाली १८५/६५ आर१४ पुढे केला जातो. त्याचा व्यास ५९६ भरतो. गाडी जवळपास १२ मिलिमीटर खाली बसते, ओडोमीटर सुमारे चार टक्के जास्त किलोमीटर दाखवतं, आणि गावाकडच्या कच्च्या रस्त्यावर पोट घासायला लागतं. तो घेऊ नका.

आणि १८५/७० तरी घ्यावा का? तुमच्यासाठी मी नको म्हणेन. रुंद टायर म्हणजे जास्त पकड ही समजूत कोरड्यापुरती बरोबर आहे. साचलेल्या पाण्यात मात्र रुंद टायरला तेवढ्याच वेळात जास्त पाणी बाजूला सारावं लागतं, त्यामुळे खोली आणि हवा सारखी असली तर तो अरुंद टायरपेक्षा लवकर पाण्यावर चढतो. शिवाय वजन वाढतं, घरंगळायला जास्त जोर लागतो, मायलेज थोडं उतरतं. रिमची रुंदीही बघावी लागते. अरुंद पोलादी रिमवर रुंद टायर चढवला की त्याचा खांदा गोलाकार होतो आणि ज्या पकडीसाठी खर्च केला तीच पूर्ण मिळत नाही. तुमची तक्रार वेगाने वळण घेताना गाडी डुलते अशी असती तर विचार वेगळा झाला असता. तेव्हाही मी वरच्या मॉडेलला कंपनीच देते तो १८५/६५ आर१५ टायर, १५ इंची रिमसकट सुचवला असता. त्याचा व्यास ६२१ च्या आसपास, म्हणजे मूळच्याशी जुळतो. पण त्यात रिमचा खर्च येतो. तोच पैसा मूळ मापातल्या चांगल्या प्रतीच्या टायरवर घातला तर पावसात जास्त उपयोगी पडेल.

मापाच्या शेजारी ८५टी असं काहीतरी दिसेल. ८५ म्हणजे एका टायरने ५१५ किलो पेलायचे, टी म्हणजे कमाल १९० किलोमीटर वेग. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या पट्टीवर किंवा मॅन्युअलमध्ये जे दिलंय त्याहून हे दोन्ही खाली जाता कामा नयेत. वर गेले तर चालतं.

आता नाव. या मापात एमआरएफ, सीएट, अपोलो, जेके, ब्रिजस्टोन यांच्यासारख्या कंपन्यांचे टायर मिळतात आणि यातल्या कुणाचंही नाव ऐकून मी नाक मुरडणार नाही. घोटाळा होतो तो कंपनी ठरवून मोकळं होण्यात. एकाच कंपनीच्या दोन मालिकांचा स्वभाव वेगवेगळा असतो. सीएटचंच घ्या: मायलेझ ही मालिका नावाप्रमाणे किलोमीटरसाठी आहे, सिक्युराड्राइव्ह पकडीकडे झुकणारी. इतरांकडेही अशी जोडी असते. टॅक्सीला दिवसाला दोनशे किलोमीटर धावणाऱ्या माणसाला मी पहिल्या प्रकारचा टायर देईन, त्याचं पोट त्यावर आहे. तुमची गाडी वर्षाला सहा-सात हजार किलोमीटर चालते. चाळीस हजार टिकणारा टायर तुम्हाला सहा वर्षं पुरेल, आणि तोवर तो वयानेच बाद झालेला असेल. मग ऐंशी हजार किलोमीटर चालणारा कडक टायर घेऊन काय करणार? ते जास्तीचे किलोमीटर तुम्ही वापरणारच नाही, पण पकड मात्र रोज कमी मिळेल. तुमच्या प्रश्नातली हीच गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

दुकानात पकड ओळखायची कशी? ओल्या रस्त्यावरची पकड, घरंगळण्याचा रोध आणि आवाज यांसाठी एआयएस-१४२ हे मानक केंद्र सरकारने २०२२ मध्ये अधिसूचित केलं. पण तो पास होण्याचा आकडा आहे, वर्गात पहिला कोण हे त्यातून कळत नाही. काही टायरांवर ट्रेडवेअर, ट्रॅक्शन आणि टेंपरेचर अशी तीन मापं छापलेली असतात. ट्रॅक्शन म्हणजे ओल्यात सरळ ब्रेक लावल्यावरची पकड: एए सर्वांत वर, मग ए, बी, सी. तुम्ही बी किंवा सी घेऊ नका. ट्रेडवेअरचा आकडा मोठा म्हणजे झीज कमी, पण तो प्रत्येक कंपनी स्वतःच ठरवते, म्हणून एकाच कंपनीच्या दोन टायरांत तुलना करायलाच वापरा. नक्षीत परिघाच्या दिशेने जाणाऱ्या तीन-चार रुंद, खोल खाचा आणि ठोकळ्यांवर बारीक चिरा असाव्यात.

माणूस बदलला की माझं उत्तरही बदलतं. समृद्धी महामार्गावरून नागपूर-शिर्डी करणाऱ्याची अडचण पाण्यापेक्षा उष्णतेची असते: मे महिन्यातलं विदर्भातलं ऊन, तापलेलं काँक्रीट, ताशी १२० ची मर्यादा आणि तासन्‌तास एकच वेग. तिथे मी टेंपरेचर ए (उष्णता सोसण्याची सर्वांत वरची श्रेणी), टायरचं वय आणि हवा यांवर जोर देतो. तिकडे एक समज अजून घट्ट आहे की उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी, नाहीतर टायर फुटतो. होतं उलटं. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकतो, वाकण्यातून उष्णता तयार होते, आतले थर सुटू लागतात आणि वेगात टायर फुटतो. चालून तापलेल्या टायरमध्ये हवा तीन-चार पीएसआय जास्त दाखवते, ती वाढ कंपनीने गृहीत धरलेली असते. ती काढून टाकू नका. हवा नेहमी थंड टायरवर, दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेल्या आकड्याप्रमाणे तपासा, आणि गाडी भरून गावी निघताना भरल्या गाडीचा आकडा पाळा. नायट्रोजनबद्दलही विचारतात. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. फुकट मिळाला तर भरा, पण त्याच्या भरवशावर महिनोन्‌महिने हवा न तपासणं वाईट.

तेव्हा तुमच्यासाठी: १६५/८० आर१४ हेच माप, चारही टायर, नामांकित कंपनीची पकडीकडे झुकणारी मालिका. वीस हजारांत हे सहज बसायला हवं. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, म्हणून भाव विचारताना करासकट पक्क्या बिलाचा भाव विचारा.

घेताना प्रत्येक टायरची तारीख स्वतः वाचा, चारही जवळपासच्या आठवड्यांचे असले तर उत्तम. चाकण, नाशिक, वाळूज, गोवा अशा आपल्या जवळपासच्या ठिकाणी टायरचे कारखाने आहेत, तरीही कमी खपाच्या मापाचा टायर गोदामात दीड-दोन वर्षं पडून राहू शकतो. सावलीत नीट ठेवलेला वर्षभराचा टायर घ्यायला मी कचरत नाही, त्याहून जुना असेल तर भाव कमी करायला सांगा किंवा दुसरा मागवा. आयएसआयचा शिक्का बघा, कारच्या टायरसाठी त्यावर आयएस १५६३३ असतं. "जवळजवळ नवे" म्हणून विकल्या जाणाऱ्या वापरलेल्या टायरांपासून लांब राहा. गुळगुळीत टायरच्या खाचा गरम हत्याराने पुन्हा खोल कापून, वर काळा रंग मारून ते चमकवलेले असतात. कापलेल्या खाचेखाली आतल्या पोलादी पट्ट्यावर रबराचा थरच उरलेला नसतो.

बसवताना चारही रबरी व्हॉल्व्ह नवे लावून घ्या. त्यांची किंमत किरकोळ, पण जुना व्हॉल्व्ह मुळाशी तडकला की नवा टायरही रात्रीत बसतो. नक्षी दोन बाजूंना वेगळी असेल तर बाहेरची बाजू बाहेरच आली का, बाण असेल तर तो फिरण्याच्या दिशेनेच आहे का, हे उभं राहून बघा. घाईच्या दुकानात ही चूक होते. बॅलन्सिंग चारही चाकांचं करून घ्या. अलाइनमेंटच्या आधी लोअर आर्म, बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंड सैल नाहीत ना ते तपासायला सांगा आणि मशीनचा छापील कागद मागा. पहिले दोन-तीनशे किलोमीटर गाडी जपून चालवा, नव्या टायरवर साच्यातला गुळगुळीत थर असतो आणि तो घासून जाईपर्यंत पकड पूर्ण येत नाही. म्हणून टायर बदलून दुसऱ्याच दिवशी पावसात कुंभार्ली उतरू नका, आठवडाभर आधी बदला. पुढे दर आठ-दहा हजार किलोमीटरनी पुढची आणि मागची चाकं अदलाबदल करून घ्या.

स्टेपनीही त्याच वर्षाची आहे, हे विसरू नका. ती वापरलीच नसेल तर खोली पूर्ण दिसेल, पण रबर तितकंच जुनं आहे. तिची तारीख आणि चिरा बघा, हवा भरून घ्या. आत्ता काढलेल्या चारांपैकी एखादा स्टेपनीला टाकू असं दुकानदार म्हणाला तर नको म्हणा, तोही आठ वर्षांचाच आहे. पाचव्या टायरला पैसे उरत नसतील तर मूळची स्टेपनी फक्त जवळच्या पंक्चरवाल्यापर्यंत जाण्यासाठी ठेवा, सावकाश चालवा, आणि पुढच्या मे महिन्याआधी तिच्या जागी नवा टायर घ्या.